काचेतील बाळ आणि दारातील परिचारिका

रुग्णालयातील भेटीची वेळ सांगणारी पाटी आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा वाचलेली असते. ती बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहिलेली असते आणि तिच्याविषयीची चर्चाही बाहेर उभ्या असलेल्यांच्याच बाजूने होत असते. नातेवाइकांना का अडविले, किती ताटकळत ठेवले, कोण कसे बोलले, याविषयी आपल्या घराघरांतून पुष्कळ बोलले जाते. त्याच दाराच्या आतल्या बाजूला जी माणसे असतात, त्यांच्यावर त्या पाटीचा काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र सहसा कोणाला सुचत नाही. अत्यवस्थ बालकांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, निवासी डॉक्टर, वॉर्डातले मामा आणि मावश्या यांच्या अंतःकरणावर बंद दाराचा जो भार पडतो, त्याचा थोडा विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे. हा प्रश्न व्यवस्थापनाचा म्हणून रुग्णालयांवर सोडून देण्याजोगा नाही. त्यात न्याय आहे, दया आहे, आणि आपणा धर्मग्रामातील कुटुंबांचाही वाटा आहे.

वाटूरसारख्या गावातून पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. जालना आणि मंठा यांच्या दरम्यान असलेल्या या गावी एखादे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे जन्माला आले, की त्याला पुढे पाठविण्यावाचून गत्यंतर नसते. प्रथम परतूर किंवा मंठा, तेथून जालना, आणि जालन्यालाही निभावेनासे झाले तर आणखी साठेक किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अशी ती वाट आहे. २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाल्यापासून ही वाट पुष्कळ सुकर झाली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु त्या गाडीतून बाळ जाते आणि आई बहुधा मागे राहते. तिचे टाके ओले असतात, तिला अजून सुट्टी मिळालेली नसते, आणि सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये असे घरातील वडीलधाऱ्या बायकांचे म्हणणे असते. बाळाबरोबर बाप जातो, नाहीतर आजी जाते. तेथे पोहोचल्यावर बाळाला 'काचेत' ठेवतात. हा शब्द आपल्या लोकांनीच घडविला आणि तो किती नेमका आहे! काचेतून दिसते, स्पर्श मात्र होत नाही. बाप दाराबाहेरच्या बाकावर बसतो. आत बाळाजवळ रक्ताच्या नात्याचे कोणीही नसते. असते ती एक परिचारिका, वयाने बावीस-चोवीस वर्षांची, पुष्कळदा कंत्राटावर नेमलेली.

तिची कामे कागदावर लिहिलेली आहेत. दर दोन-तीन तासांनी नळीवाटे दूध, तापमानाची नोंद, सलाईनची गती, प्राणवायूचा आकडा, वजन, लंगोट. तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी असा दंडक आहे. प्रत्यक्षात बाळे वाढतात, परिचारिका तेवढ्याच राहतात. हे कष्ट मोठे आहेत, पण ते दिसतात आणि मोजता येतात. आम्हांस येथे बोलावयाचे आहे ते न लिहिलेल्या दोन कामांविषयी.

पहिले काम दार राखण्याचे. भेटीचा नियम कोणी एका अधिकाऱ्याने कार्यालयात बसून केलेला असतो. तो सांगावा लागतो तो मात्र दाराशी उभ्या असलेल्या मुलीला, आणि एका पाळीत अनेकदा सांगावा लागतो. समोर कधी ऊसतोडीवरून धावत आलेला बाप असतो, कधी नातवासाठी नवस बोललेली आजी असते, कधी तीन दिवसांची ओली बाळंतीण भिंतीला धरून उभी असते. या प्रत्येकाला 'नाही' म्हणण्यासाठी अंतःकरण थोडे कठीण करावे लागते. आणि अंतःकरण हे काही कपाटासारखे नाही, की दाराशी बंद केले आणि पेटीजवळ येताच उघडले. बाहेरच्या आईसाठी जे कठीण केले तेच आतल्या बाळासाठी मऊ ठेवावयाचे, अशी ही मागणी आहे. ज्यांनी ही मागणी केली त्यांनी ती कधी स्वतः पुरी करून पाहिली असेल असे वाटत नाही.

दुसरे काम आई होण्याचे. हे तिला कोणी सांगत नाही, पण ते टळत नाही. बाळ रडले तर त्याच्या अंगावर हात ठेवणारे दुसरे कोण असते? आणि बाळ रात्री तीन वाजता गेले, तर ते जाताना पाहणारी तीच एकटी असते. दाराबाहेर जाऊन बापाला सांगण्याची वेळही पुष्कळदा तिच्यावर किंवा तिच्याहून फारसा मोठा नसलेल्या निवासी डॉक्टरवर येते. त्यानंतर कागद भरावयाचे, पेटी पुसून घ्यावयाची आणि बाहेर वाट पाहणारे दुसरे बाळ तासाभरात त्याच पेटीत ठेवावयाचे. आपल्याकडे मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे लोक कडू घास घेऊन येतात आणि दुःखिताला दोन घास खायला लावतात. त्या मुलीला सुतक नाही. तिच्यासाठी कडू घास कोणी आणत नाही, कारण तिचे कोणी गेले असे कोणीच मानत नाही. ती पाळी संपवून वसतिगृहावर जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येते.

अँड्र्यू जेम्टन नावाच्या अमेरिकन तत्त्वचिंतकाने १९८४ साली परिचर्येतील नैतिक प्रश्नांवर एक पुस्तक लिहिले. योग्य काय ते आपल्याला कळते आहे, परंतु ज्या संस्थेत आपण काम करतो तिच्या बंधनांमुळे ते करता येत नाही, अशा अवस्थेतून परिचारिकांना जी पीडा होते तिला त्याने नैतिक क्लेश असे नाव दिले. हा क्लेश थकव्याहून वेगळा आहे. थकवा झोपेने जातो. आपल्या विवेकबुद्धीविरुद्ध वारंवार वागावे लागल्याने जी जखम होते ती झोपेने भरत नाही. ती हळूहळू निबर होते, आणि मग आपण म्हणतो की अलीकडच्या सिस्टर फार कोरड्या झाल्या आहेत. (आपल्या भाषेत धर्मभगिनीला आणि परिचारिकेला एकच 'सिस्टर' हा शब्द आहे, आणि दोघींकडूनही आपण न संपणाऱ्या मायेची अपेक्षा करतो. त्यांतल्या एकीला निदान प्रार्थनेची वेळ राखून ठेवलेली असते.)

आता नियमाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. हजार-बाराशे ग्रॅम वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग म्हणजे साक्षात मृत्यू, यात शंका नाही. आपल्या लोकांची भेटायला जाण्याची रीतही विसरून चालणार नाही. गावातले कोणी दवाखान्यात असले की जीप भरून माणसे निघतात. न गेल्यास पुढे वर्षभर ऐकावे लागते. प्रेम खरे, पण त्या प्रेमाच्या पायांना रस्त्याची धूळ असते. तिसरे कारण अधिक दुःखद आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अपघातातील एका रुग्णाच्या नातेवाइकांनी एका तरुण डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ तेथे नसल्याने रुग्णाला अन्यत्र न्यावे असे त्याने सांगितले होते. तज्ज्ञ न नेमण्याचा निर्णय त्या डॉक्टरचा नव्हता. तो सांगण्याचे काम तेवढे त्याचे होते आणि मार त्याने खाल्ला. राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी काम थांबविले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि शासनाने सुरक्षारक्षक वाढविण्याचे व रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास देण्याचे मान्य केले. रुग्णालयातील हिंसेविरुद्धचा कायदा तर महाराष्ट्रात २०१० पासूनच होता. तेव्हा दार निष्कारण बंद झालेले नाही. जो कोणी 'दारे उघडा' असे सरसकट म्हणेल, त्याने त्या दारात एक रात्र उभे राहून पाहावे.

तथापि कोणती दारे केव्हा बंद झाली हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या साध्या बालरुग्ण वॉर्डातून आईला कधी कोणी बाहेर काढले नाही. ती लेकराच्या खाटेवरच बसते, तेथेच डबा खाते, तेथेच लवंडते. परिचारिका इतक्या थोड्या, की आईवाचून वॉर्ड चाललाच नसता. दार आले ते यंत्रांबरोबर, अतिदक्षता कक्षाबरोबर. म्हणजे बालकाची प्रकृती जितकी अधिक गंभीर, तितकी आई अधिक दूर, असा विलक्षण व्यवहार ठरून गेला.

इंग्लंडमध्ये याच्या उलट घडले. तेथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साध्या बालवॉर्डातूनही आईबापांना आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळीच, ठराविक तासापुरते येऊ देत असत. त्याला कारण असे सांगत की आई भेटून गेली की मूल रडते, आणि आई आली नाही तर ते शांत राहते. जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने १९५२ साली रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला आणि ही शांतता म्हणजे निराशा आहे, हे मूल रुळलेले नसून त्याने आशा सोडलेली आहे, असे दाखवून दिले. पुष्कळ डॉक्टर-परिचारिका प्रथम त्याच्यावर संतापल्या. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. जे आपण वर्षानुवर्षे चांगुलपणाने केले ते क्रूर होते, हे कोणाला ऐकवेल? पुढे १९५९ मध्ये शासनाने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांवरील ही बंधने उठवावीत अशी शिफारस केली. त्याच सुमारास इझाबेल मेंझिस या विदुषीने लंडनमधील एका रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास केला. मृत्यू आणि वेदना यांच्या इतक्या निकट राहण्याची भीती सोसवत नाही, म्हणून रुग्णालये आपले कामच अशा रीतीने तुकडे करून वाटतात की कोणत्याही परिचारिकेचा कोणत्याही रुग्णाशी पुरता संबंध येऊ नये; आणि हा बचाव शेवटी परिचारिकांनाच आतून रिते करतो, असा तिचा निष्कर्ष होता.

बंद दार हे अशाच बचावाचे एक रूप आहे असे आम्हांस वाटते. त्यामुळे परिचारिकेला आईच्या नजरेपासून संरक्षण मिळते, हे खरे आहे. नस सापडत नाही म्हणून सुई चार वेळा टोचावी लागली तर ते पाहणारे कोणी नसते. पण त्याच दारामुळे तिने रात्रभर त्या बाळासाठी जे केले तेही कोणी पाहिलेले नसते. बाहेर बसलेल्या बापाला आतले काहीच ठाऊक नाही. त्याला कळतात त्या दोनच गोष्टी, बाळ आत गेले आणि बाळ कापडात गुंडाळून बाहेर आले. या दोहोंच्या मधल्या अंधारात संशय वाढतो. संशयातून हात उगारला जातो, हात उगारला की दाराला आणखी एक कडी लागते. ज्या आजीने आठ तास त्या मुलीला तीन बाळांमध्ये धावताना पाहिले आहे, तिच्या घरचा माणूस त्या मुलीवर हात टाकील हे आम्हांस संभवनीय वाटत नाही.

भंडाऱ्याची घटना वाचकांच्या स्मरणात असेल. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी तेथील जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. रुग्णालयातच जन्मलेल्यांच्या दालनातील सात वाचली. बाहेर जन्मून तेथे आणलेल्यांच्या दालनातील दहा गेली. म्हणजे वाटूरहून जालन्याला नेतात तशी, दुसरीकडून आणलेली ती बाळे होती. पुढे चौकशी झाली, वरिष्ठांवर कारवाई झाली, आणि तिच्यातून परिचारिकाही सुटल्या नाहीत. कोणाचा किती दोष होता याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. यंत्रे, विजेची व्यवस्था, अग्निशमनाची साधने यांचा हिशेब ज्यांनी द्यावयाचा त्यांनी तो द्यावा. आमच्या मनात येते ते इतकेच, की दहा बाळे आणि दहा आया यांच्यामध्ये सगळा भरवसा त्या रात्रीच्या एक-दोन परिचारिकांवर टाकून आपला समाज निर्धास्त झोपला होता, आणि सकाळी उठल्यावर त्यांनाच जाब विचारू लागला. २०२३ च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होती. तेव्हाही एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन प्रसाधनगृह स्वच्छ करवून घेतले. त्या स्वच्छतागृहाने बाळे मेली नव्हती. पण राग काढायला समोर माणूस लागतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानात याईराच्या मुलीची कथा आहे. आपण ती पुनरुत्थानाच्या सामर्थ्याची कथा म्हणून ऐकतो. आम्ही अलीकडे ती दाराची कथा म्हणूनही वाचतो. मुलगी बारा वर्षांची. घरात गर्दी, रडारड, गोंगाट. प्रभू येशू प्रथम काय करतो? तो गर्दीला बाहेर काढतो. प्रवेशबंदीला याहून मोठा आधार कोणता हवा? परंतु त्याच क्षणी तो मुलीच्या आईला आणि बापाला बरोबर घेऊन आत जातो, आणि पेत्र, याकोब व योहान या तिघांनाही घेतो. म्हणजे त्या खोलीत आईबाप आहेत आणि सेवेकरीही आहेत, कोणी कोणाच्या जागी नाही. मुलगी उठल्यावर तिला खायला देण्यास तो सांगतो. हे काम त्याने शिष्यांना सांगितले असे आम्हांस वाटत नाही. मुलीला भरविण्याचे काम आईचे, ते आईकडे परत गेले. ज्याने गर्दी आणि आई यांतला फरक इतक्या सहजपणे केला, त्याच्या अनुयायांनी रुग्णालये चालविताना दोघांना एकाच पाटीखाली 'भेटीस येणारे' म्हणून बसवावे, हे आम्हांला पटत नाही. आई भेटीला आलेली नसते. भेटीला येतो तो पाहुणा.

येथे कोणी विचारील, की मग त्या परिचारिकेने नियम मोडावा काय? सेमिनरीत संत थॉमस अक्विनस शिकताना 'एपिकेइया' नावाचा एक सद्गुण अभ्यासावा लागतो. नियम करणाऱ्याला सर्व प्रसंग आधी दिसत नाहीत. एखाद्या प्रसंगी नियमाच्या अक्षराला धरून राहिल्यास नियमाच्या हेतूचाच घात होतो. अशा वेळी अक्षर सोडून हेतू राखणे हा नियमभंग नाही, तो न्यायाचाच एक प्रकार आहे, असे संत थॉमस म्हणतो. ठेवीदाखल ठेवलेली तलवार मालकाने मागितल्यास परत करावी हा नियम खरा. पण मालक वेडाच्या भरात ती मागत असेल तर देऊ नये, हे त्याचे उदाहरण. अर्थात संशय असेल तेथे वरिष्ठांना विचारावे, आणि धोका इतका तातडीचा असेल की विचारण्यास अवकाश नाही, तर ती निकडच परवानगी होय, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. बाळ पहाटेपर्यंत राहत नाही हे दिसत असताना बाहेरच्या आईला हात धुवून, गाऊन घालून आत घेणे यात आम्हांला संत थॉमसच्या मताने काही गैर दिसत नाही.

परंतु प्रश्न येथे संपला असता तर फार सोपे होते. हा सद्गुण वापरण्यासाठी थोडी तरी सत्ता हातात लागते. न्यायाधीश, बिशप, अधिष्ठाता यांना तो परवडतो. अकरा महिन्यांच्या करारावरच्या मुलीने तो वापरला आणि दुसऱ्या दिवशी संसर्ग पसरला, किंवा शेजारच्या बाळाच्या बापाने 'तिला सोडले, मला का नाही' असे विचारले, तर तिच्या पाठीशी कोण उभे राहणार? रात्री तीन वाजता विचारायचे म्हटले तर वरिष्ठ दूरध्वनी उचलतातच असेही नाही. म्हणून तिच्याकडून धैर्याची अपेक्षा करण्याआधी नियम करणाऱ्याने नियमातच लिहून ठेवावे, की बाळ अत्यवस्थ झाल्यास आईबापांना कोणत्याही वेळी आत घ्यावे, आणि तसे केल्याबद्दल परिचारिकेला जाब विचारला जाणार नाही. या एका ओळीने कितीतरी विवेकबुद्धी मोकळ्या होतील. अपवाद करण्याचा भार दुर्बलाच्या शिरावर ठेवून त्याला सद्गुण म्हणणे हे आम्हांस लबाडीचे वाटते.

आनंदाची गोष्ट अशी, की दार थोडे उघडून पाहिल्याचे परिणाम आता जगासमोर आहेत. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८-७९ च्या सुमारास पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आयांच्या छातीशी बांधली. एस्टोनियातील टॅलिन येथे १९७९ मध्ये परिचारिका कमी पडल्या म्हणून आयांना दिवसरात्र बाळाजवळ राहू दिले. आपल्याकडे मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातील अनुभवानंतर केंद्र शासनाने २०१७ मध्ये नवजात बालकांच्या शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आईबापांना हात धुण्यापासून बाळ स्वच्छ करण्यापर्यंत शिकवून आत घ्यावे असे त्यांत सांगितले आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. एक किलो ते सुमारे १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांपैकी ज्यांना जन्मतःच आईच्या अंगाशी ठेवले, आणि त्यासाठी आईलाच अतिदक्षता कक्षात खाट दिली, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण शेकडा १२ राहिले; नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्यांत ते शेकडा १५.७ होते. ज्या आईला जंतूंच्या भयाने बाहेर ठेवले, ती आत आल्याने बाळे अधिक जगली.

या आकड्यांचा वापर करून आईला बिनपगारी परिचारिका बनविण्याचा मोह मात्र शासनाला होऊ नये. टॅलिन काय, बोगोटा काय, आरंभ टंचाईतूनच झाला होता, आणि आपल्याकडे टंचाई ही कायमची सोय होऊन बसते. आई आत आली म्हणून एक परिचारिका कमी केली, तर आईचेही नुकसान आणि परिचारिकेचेही. शिवाय आईला शिकविणे, धीर देणे, तिच्या प्रश्नांना उत्तरे देणे हे नवे काम परिचारिकेवरच येते. काही परिचारिकांना हे आरंभी जाचक वाटते. चोवीस तास कोणी आपल्या हातांकडे पाहत आहे ही भावना सुखाची नसते, आणि ती त्यांनी बोलून दाखविली तर त्यांना निष्ठुर ठरवू नये.

आपणा कॅथलिकांना या दाराची आणखी एक बाजू ठाऊक असावयास हवी. मरणाच्या धोक्यात असलेल्या बालकाला विलंब न लावता स्नानसंस्कार द्यावा, आणि धर्मगुरू नसेल तर योग्य हेतू बाळगणाऱ्या कोणीही तो द्यावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. धर्मगुरू बाहेर, आईबाप बाहेर, आणि आत कॅथलिक परिचारिका एकटीच, असे झाले म्हणजे ही जबाबदारी तिच्यावर येते. बाळ कॅथलिक घरचे आहे हे तिला सांगणार कोण? कक्षात बाळाला नावही नसते, आईच्या नावापुढे 'बाळ' एवढेच पट्टीवर लिहिलेले असते. म्हणून आपल्या घरचे बाळ काचेत ठेवले, तर बापाने पहिल्याच दिवशी परिचारिकेला आपली इच्छा आणि ठरविलेले नाव सांगून ठेवावे. याने तिच्या मनावरचे एक मोठे ओझे उतरते. २०२० च्या साथीत तर आम्ही धर्मगुरूही कित्येक दारांबाहेर राहिलो. २० मार्च २०२० रोजी व्हॅटिकनने आज्ञापत्र काढून रुग्णांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना पूर्ण दंडमाफी दिली, तेव्हा शुश्रूषा करणारी माणसे त्या पलंगाजवळ ख्रिस्तसभेच्या वतीनेही उभी आहेत, हे जणू मान्य झाले. त्याच वर्षी निघालेल्या 'समारितानुस बोनुस' या पत्रातही क्रुसाखाली उभ्या राहिलेल्या मातेची आठवण करून देऊन मरणाऱ्याजवळ उभे राहण्याला उपचाराइतकेच महत्त्व दिले आहे. क्रुसाखाली माता एकटी नव्हती, योहानही होता, आणि प्रभूने दोघांना एकमेकांच्या स्वाधीन केले. आई आणि परिचारिका यांना आपण एकमेकींच्या स्वाधीन करण्याऐवजी दाराच्या दोन बाजूंना उभे करतो.

आपल्या धर्मग्रामांत काय करता येईल, याविषयी दोन शब्द. बाळ जालन्याला हलविले असे कळताच जीप भरून निघण्याची रीत आपण सोडावी, म्हणजे गर्दीसाठी लावलेले दार आईला लागणार नाही. त्या जीपचे पैसे आईला तेथे नेण्यासाठी आणि तिच्या राहण्या-जेवण्यासाठी ठेवावेत. डॉक्टरांनी प्रवासाला संमती दिली असेल तर सव्वा महिन्याची रीत आड येऊ देऊ नये. याबाबत घरातील आज्यांशी बोलणे हे काम धर्मगुरूंचे आहे, तरुण सुनेने ते करावयाचे नाही. आणि बाळ बरे होऊन घरी आले, अगर न आले, तरी बापाने एकदा परत जाऊन त्या परिचारिकेला भेटावे. बाळ गेल्यानंतर त्या दाराकडे पुन्हा वळणारा बाप फार विरळा, आणि त्यात आश्चर्य नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातली हागार रानात लेकराला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसली, कारण त्याचे मरण तिला पाहवत नव्हते. सर्वच आईबापांना आत यावेसे वाटेल असेही नाही. अशा वेळी परिचारिका थांबते, आणि तिला ते कळते.

या परिचारिका कोणी परक्या नाहीत. आपल्याच धर्मग्रामांतून मुली परिचर्येच्या शिक्षणासाठी बाहेर पडतात आणि संभाजीनगर, पुणे, मुंबई येथील रुग्णालयांत रात्रपाळ्या करतात. नाताळला सुट्टी मिळाली तर दोन दिवस घरी येतात. पगार वेळेवर होतो का, खोलीचे भाडे किती, लग्नाचे काय, हे सर्व त्यांना विचारले जाते. कामावर काय पाहिले, हे कोणी विचारीत नाही. विचारले तरी मुलगी लगेच सांगेल असे नाही. पण चुलीपाशी आईबरोबर भाकऱ्या थापत बसली म्हणजे कधी कधी ती आपण होऊन बोलू लागते, एखाद्या बाळाचे वजन सांगते, ते किती दिवस काढले ते सांगते. त्या वेळी तिला मध्येच थांबवून पाहुण्यांना पाणी द्यायला पाठवू नये.